टोमॅटोवरील करपा आणि बुरशीनाशकाची फवारणी

टोमॅटोच्या पानांवर तपकिरी डाग दिसू लागले की फवारणीचा पंप बाहेर निघतो. परंतु बुरशीनाशकाचे काम डाग घालवण्याचे नसते. पानाच्या पेशी एकदा मेल्या की त्यांना कोणतेही रसायन पुन्हा हिरवे करू शकत नाही. फवारणीने वाचते ते शेजारचे निरोगी पान, आणि म्हणूनच औषध कोणते यापेक्षा ते केव्हा व पानाच्या कोणत्या भागावर पडले, याला अधिक महत्त्व आहे.

पानांवरील रोगांत करपा मुख्य असून त्याचे दोन प्रकार वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया या बुरशीमुळे होतो. तो प्रथम जमिनीलगतच्या जुन्या पानांवर दिसतो, आणि डाग जवळून पाहिला तर त्यात एकात एक असलेली वलये व भोवती पिवळी कडा आढळते. उशिरा येणारा करपा थंड, ढगाळ व ओलसर हवेत फैलावतो. पानावर पाणी मुरल्यासारखे काळपट चट्टे पडतात आणि दमट सकाळी पान उलटून पाहिल्यास चट्ट्याच्या कडेला पांढरी लव दिसते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ ओढवणारा रोग हाच. त्याला कारणीभूत असणारा फायटोप्थोरा हा जीव शास्त्रीय दृष्ट्या खरी बुरशी नसून काही शैवालांचा नातेवाईक आहे, त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने आकसून टाकणारा रोग तर विषाणूजन्य आहे आणि त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे निव्वळ पैसा वाया घालवणे होय.

बुरशीनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध पानाच्या पृष्ठभागावर थर धरून राहते आणि तेथे पडलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बीज, रुजू देत नाही. मॅन्कोझेब व ताम्रयुक्त औषधे या गटात मोडतात. यांतील सर्वांत प्रसिद्ध बोर्डो मिश्रण होय. फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षांवरील केवड्यासाठी त्याचा उपयोग मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये जगापुढे मांडला. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो; दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करतात, आणि तयार द्रावणात लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक असून कोवळी पाने होरपळण्याचा धोका असतो, म्हणून आणखी चुन्याची निवळी मिसळावी लागते. ही साधी परीक्षा आजही तितकीच विश्वासार्ह आहे.

आंतरप्रवाही औषधे, उदाहरणार्थ मेटॅलॅक्झिल, पानात शिरून नुकत्याच झालेल्या संसर्गालाही आवर घालतात. मात्र ती बुरशीच्या एकाच जैविक क्रियेवर घाव घालत असल्यामुळे तेवढा एक बदल घडलेली बुरशी तगून राहते आणि पुढे तिचीच संतती वाढते. मेटॅलॅक्झिलला दाद न देणारा करपा युरोपातील बटाट्यावर १९८० मध्येच आढळला होता. एकच औषध वारंवार फवारणे म्हणूनच घातक. गट बदलत राहणे आणि आंतरप्रवाही औषधाला स्पर्शजन्य औषधाची जोड देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

द्रावण पानांच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचले नाही, तर उत्तम औषधही वाया जाते. तार-काठीवर बांधलेली झाडे, खालची रोगट पाने काढून टाकणे आणि ठिबक सिंचनामुळे कोरडी राहणारी पालवी यांनी निम्मे काम आधीच झालेले असते, ही बाब फवारणीच्या चर्चेत नेहमी मागे पडते.

फवारणी करणाऱ्याने हातमोजे व मास्क वापरावा आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ ठेवावी. शेवटची फवारणी व तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे औषधाच्या लेबलावर छापलेले असते. टोमॅटो कोशिंबिरीत कच्चा खाल्ला जातो. म्हणून प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि ते दिवस भरल्याशिवाय एकही क्रेट बाजारात पाठवू नये.