पहिला हप्ता चुकतो तेव्हा

बँकेत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कर्ज एका रात्रीत बुडत नाही. आधी एक हप्ता चुकतो. चांगला अधिकारी त्याच आठवड्यात कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो, चहा घेतो, बैल आजारी आहे की घरात लग्न निघालंय, ते विचारतो. तीन हप्ते चुकल्यावर जो जातो तो नोटीस घेऊन जातो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

कॉलेजातली मुलंही अशीच गळतात. हे मला नंदुरबार जिल्ह्यातल्या नोकरीत कळलं, तेही उशिरा.

२०१२ सालची गोष्ट. धडगावकडचा एक मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. शिष्यवृत्ती जमा झाली का, ते विचारायला यायचा. घरी पावरी बोलणारा. मराठी शब्द तोलून वापरायचा. पासबुक दोन्ही हातांनी पुढे करून म्हणायचा, "साहेब, आले का?" मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात ये." असं तीनदा झालं. मागे रांग असायची. खातेक्रमांकातला एक आकडा चुकल्याने रक्कम अडकली होती. मनावर घेतलं असतं, तर मला ते दहा मिनिटांत सापडलं असतं.

होळीला गावी गेला, तो परतलाच नाही. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत होते. तोही तिकडेच गेल्याचं त्याच्या वर्गमित्राकडून कळलं. एप्रिलमध्ये पैसे जमा झाले. काढायला कोणी आलं नाही.

अशा मुलाबद्दल आपण सहज म्हणतो, 'चिकाटी कमी पडली.' वाचकहो, हे खरं आहे का? सहाव्या-सातव्या वर्षी आईला सोडून आश्रमशाळेत राहिलेला, सातपुड्याच्या पायवाटा तुडवत बारावीपर्यंत पोचलेला मुलगा चिकाटीत तुमच्या-माझ्यापेक्षा कमी असेल? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दोन-तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. कितीतरी घरांतला कॉलेजात जाणारा हा पहिलाच. फॉर्म कसा भरायचा, नापास झालो तर पुढे काय, हे घरात विचारणार कोणाला?

साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड जन्मापूर्वीच वडिलांना मुकले. आईने मोहाची दारू विकून घर चालवलं. मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, मग आयएएस, आणि करोनाच्या काळात नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून त्याने ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. ही जिद्दीची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीत एक नवोदय विद्यालयही आहे, जिथे राहणं, जेवण, पुस्तकं विनामूल्य मिळतात. ते सांगायला आपण विसरतो. जिद्द मुलाची होती. तिला टेकू देणारं कोणीतरी होतं.

सरकारनेही काही केलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी २०१६ मध्ये 'स्वयं' योजना आली. पैसे थेट खात्यात. २०१८ मध्ये वसतिगृहांतल्या जेवणाऐवजीही पैसे देण्याचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांचं दुखणं माझ्यासारख्या बँकवाल्याला लगेच कळावं असं होतं: रक्कम महिनाभर उशिरा आली तरी भूक थांबत नाही.

मग करायचं काय? हजेरी घेताना एक नाव आठ दिवस रिकामं गेलं, तर प्राध्यापकांनी त्याच्या खोलीवर निरोप धाडावा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला त्याच्याच तालुक्यातला वरच्या वर्गातला एक दादा किंवा ताई नेमून द्यावी. कार्यालयात पावरी, भिली समजणारं एक माणूस असावं. यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

आणि आपण? जूनमध्ये तळोद्याची, अक्कलकुव्याची पोरं तुमच्या गल्लीत खोली शोधत येतील. दिवाळीत सगळे गावी गेले आणि एखादा मागेच राहिला, तर समजावं की त्याच्या घराला कुलूप आहे, माणसं उसात आहेत. त्याला फराळाला बोलवा. "फी भरलीस का? शिष्यवृत्ती आली का?" एवढं विचारा. आणि तो "नाही" म्हणाला, तर त्याच्याबरोबर बँकेत जा.

काउंटरपलीकडे माझ्यासारखा कोणी बसला असेल, तर त्याला 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणू देऊ नका.