निजलेल्या बाळाला उठवताना

भाचीचं बाळ तीन दिवसांचं होतं, दवाखान्यातून त्याच सकाळी घरी आणलेलं. बघायला येणारी प्रत्येक बाई दुपट्यात डोकावून एकच बोलत होती, "किती गुणाचं बाळ गं! आवाज म्हणून नाही." दुपारी भाचीनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं आणि हळूच विचारलं, "मावशी, पाच तास झाले हा निजलाय. उठवू का गं? आजी म्हणते, निजल्या बाळाला उठवायचं नसतं."

"उठव," मी म्हटलं. "आत्ताच उठव."

आजी म्हणजे माझी आई. चार मुलं वाढवलेल्या बाईचा शब्द मोडणं मला सोपं गेलं नाही. तिचं म्हणणं पुढे खरं ठरणारच होतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत ते लागू पडत नाही, आणि नेमके तेच दिवस नाजूक असतात.

जन्मल्यावर पहिला तास-दोन तास बाळ टक्क जागं असतं. म्हणून तेव्हाच त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवून पाजायला घ्यायचं. त्यानंतर ते गाढ झोपतं. जन्माचा शीण असतो, आणि कळांच्या वेळी आईला दिलेल्या काही औषधांची गुंगीही त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. दिवसाचे सोळा-सतरा तास झोपणं हा त्याचा स्वभावच आहे. पण त्याच चोवीस तासांत त्याला ८ ते १२ वेळा पाजलंही गेलं पाहिजे, कारण पहिल्या दिवशी एका वेळी पोटात जातो तो चमचा-दोन चमचे चीक. तेवढ्यावर पाच तास निघत नाहीत.

भूक लागली की उठेलच, असं आपण धरून चालतो. मोठ्या माणसाचं तसं होतं. तान्ह्या बाळाचं पुष्कळदा उलट होतं. दूध कमी गेलं की अंगातली ताकद उतरते, रक्तातली साखर उतरू शकते, आणि बाळ आणखी झोपतं. कावीळही इथेच शिरते. रक्तातल्या जुन्या पेशी मोडून जो पिवळा पदार्थ तयार होतो, तो शीवाटे बाहेर पडायचा असतो. दूध कमी म्हणजे शी कमी. मग तोच पदार्थ आतड्यातून परत रक्तात जातो, बाळ पिवळं पडतं, सुस्तावतं, अजून कमी पितं. इकडे आईचं दूध जितकं ओढलं जाईल तितकंच वाढत असतं. निजलेलं बाळ ओढत नाही, म्हणून तिचंही दूध मागे पडतं. घरच्यांना मात्र दिसत असतं ते एक शांत बाळ.

जे बाळ नऊ महिने पुरे होण्याआधी, चौतिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात जन्मतं, त्याच्याबाबत जास्तच जागरूक राहावं लागतं. दिसायला ते पुऱ्या दिवसांच्या बाळासारखं असतं, पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ त्याला अजून नीट जमत नाही. दोन घोट घेऊन ते थकून निजतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचंही असंच.

उठवायची पद्धत आहे. हाक मारून किंवा गार पाण्याचा हबका मारून नाही. आधी बघायचं. पापण्यांखाली बुबुळं हलतायत, ओठ चोखल्यासारखे होतायत, मूठ तोंडाकडे जातेय, म्हणजे झोप हलकी आहे. ती वेळ साधायची. हात उचलून सोडल्यावर ढिला पडला तर झोप गाढ आहे, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघावं. मग दुपटं सोडायचं. आपल्याकडे बाळाला इतकं घट्ट गुंडाळतात की त्याच्या हातांनी सांगितलेली भूक दिसतच नाही. झबलं काढून, लंगोट बदलून त्याला आईच्या उघड्या अंगावर ठेवावं, वरून पांघरूण घ्यावं. पाठीवरून, तळव्यांवरून बोटं फिरवावीत. चिकाचा एखादा थेंब पिळून ओठांना लावावा. पिता पिता डोळा लागला तर आईनं स्तन हलकेच दाबावा, दूध तोंडात आलं की ते पुन्हा ओढतं. तरी थांबलं तर ढेकर काढून दुसरीकडे घ्यावं.

मालिश-अंघोळीनंतरची झोप सगळ्यात लांबते, तिथे घड्याळावर नजर हवी. आधीचं पाजणं सुरू केल्यापासून तीन तास झाले की उठवायचं. रात्री एखादी झोप चार तासांची चालेल, त्याहून जास्त नाही. आणि उठत नाही म्हणून मध किंवा गुटी चाटवू नये. तान्ह्या बाळाला मधातून जीवघेणा आजार होऊ शकतो.

किती पोटात गेलं, हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसापासून सहा तरी. काळी चिकट शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. तीन किलोचं बाळ दोनशे ग्रॅम उतरलं तर घाबरू नये, तीनशेच्या जवळ गेलं तर डॉक्टरांकडे न्यावं. दहा-चौदा दिवसांत जन्मवेळचं वजन भरून आलं, पुढेही वाढत राहिलं, डॉक्टरांनीही ठीक म्हटलं, की मग निरोगी बाळाला खुशाल झोपू द्यावं.

हे बारकाईनं बघणं गावातल्या बाईलाही शिकवता येतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन वजन करायचं, श्वास मोजायचा, चोखणं मंदावलं का, रडणं क्षीण झालं का, हातपाय ढिले पडले का, आईच्या हाताला बाळ गार लागतंय का, हे विचारायचं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येते, ती याच वाटेनं. तिला दारातून परत पाठवू नका.

भाचीचं बाळ त्या दुपारी उठलं, पण चार घोटांत दमलं. उजेडात नेऊन बघितलं तर डोळ्यांचा पांढरा भागही पिवळसर दिसला. काविळीसाठी त्याला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. माझ्या आईनं त्या रात्री स्वतःच गजर लावून घेतला, दर अडीच तासांचा.

तुमच्या घरी तान्हं बाळ असेल, तर शेवटचं पाजणं किती वाजता झालं ते त्याच्या आईला विचारा, आणि पुढच्या गजराला तिच्याबरोबर उठा. सगळं करूनही बाळ जागं होत नसेल, लागोपाठ दोनदा प्यायलं नसेल, अंग गार, तापलेलं किंवा ढिलं लागत असेल, पिवळेपणा पोटाखाली पायांपर्यंत उतरला असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. १०८ला फोन करा.