टिपणे, नावे आणि कुलूप

बँकेचे कार्ड चोरीस गेले तर ते रद्द करून नवे घेता येते. मानसोपचारतज्ज्ञाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट चोरीस गेली तर? फिनलंडमधील 'वास्तामो' या मानसोपचार केंद्रांच्या सुमारे 33,000 रुग्णांवर 2020 साली ही वेळ आली. चोरट्याने आधी कंपनीकडे खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हा त्याने रुग्णांनाच ई-पत्रे धाडली: चोवीस तासांत 200 युरो भरा, नाहीतर 500!

यात चोरट्याची हुशारी आम्हांला फारशी दिसत नाही. नोंदींचा संगणकीय साठा 2017 ते 2019 या काळात इंटरनेटवरून उघडा होता. मुख्य खात्याला परवलीचा शब्दच नव्हता.

असा साठा राखावा कसा? बोर्डाची उत्तरपत्रिका आठवा. तिच्यावर नाव नसते, बैठक क्रमांक असतो; कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी दुसरीकडे असते. उपचारांची टिपणेही अशीच नावांपासून तोडून ठेवता येतात. पण टिपणातच गाव, नोकरी, नवऱ्याचे नाव आले तर माणूस ओळखू येणारच. म्हणून सारा मजकूर सांकेतिक लिपीत बदलायचा आणि तो उलगडणारी किल्ली वेगळ्या जागी ठेवायची.

चोरी झालीच, तर ती कळणे हाही रुग्णाचा हक्क आहे. युरोपच्या कायद्याप्रमाणे सरकारी यंत्रणेला 72 तासांत आणि धोका मोठा असल्यास रुग्णालाही विनाविलंब कळवावे लागते. वास्तामोने ते वेळेवर कळवले नाही. 2021 मध्ये तिला 6,08,000 युरो दंड झाला, त्यात हेही एक कारण होते. तोवर कंपनी दिवाळखोरीत गेली होती.