ऊस, द्राक्ष आणि केळी : तोड केव्हा धरावी?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी ऑफिसात रोज एकच प्रश्न असतो, "साहेब, आमची तोड कधी?" अलीकडे त्यात भर पडली आहे. कोणी उसाशेजारी एकरभर केळी लावली, साक्रीकडे कोणी द्राक्ष धरले, शिरपूर-शहाद्याकडे पपई आहे. व्यापारी बांधावर उभा राहतो आणि सभासद विचारतात, माल काढू का?

सगळ्या फळांना एकच उत्तर नाही. केळी, पपई, आंबा, चिकू ही फळे झाडावरून काढल्यावरही पिकतात. द्राक्ष, लिंबू, मोसंबी, डाळिंब काढले की जिथल्या तिथे थांबतात. ऊस फळ नव्हे, पण स्वभावाने या दुसऱ्या गटातला. तोडल्यावर त्याची साखर वाढत नाही, उलट घटते. म्हणून तर 24 तासांत मोळी गव्हाणीत पडावी हा आपला आग्रह.

द्राक्षात नेमकी इथेच चूक होते. ऑक्टोबर छाटणीपासून थॉमसनचा माल तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. मण्यात पाणी भरले, मणी मऊ पडला, थोडी चकाकी आली की तो तयार दिसतो. बाजार चढा असतो, व्यापारी घाई करतो, आणि आंबट माल पेटीत जातो. तो पेटीत गोड होत नाही, बरं का! एकदा आंबट माल गेला की पुढच्या खेपेला तुमच्या बागेचा भाव पाडून मागतात.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. उसाचा ब्रिक्स पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षालाही चालतो. आधी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवावे. मग बागेत चहूकडे फिरून निरनिराळ्या वेलींवरचे मणी घ्यावेत. बांधाकडच्या, भरपूर ऊन खाणाऱ्या घडांवर भरवसा ठेवू नये. घडाचा खांद्याकडचा मणी आधी गोड होतो, शेंड्याचा मागाहून. उसाचे बुडखे गोड आणि वाढे पाणचट असते, तसेच हे. म्हणून शेंड्याचा मणी जरूर तपासावा. खाण्याच्या द्राक्षाला 18 ब्रिक्स तरी हवा, बेदाण्याला 22 च्या पुढे. काढणी दव सुकल्यावर, ऊन चढण्याच्या आत करावी. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते औषधाच्या डब्यावर छापलेले असते, तेही मोजावे. आपल्याकडची थंडी कडक. पारा फार उतरला की पाणी भरलेले मणी तडकतात. अशा रात्रींत पहाटे हलके पाणी सोडावे.

केळीचे सगळे उलटे. काढताना तिच्यात पिठूळ पदार्थ असतो, पिकताना त्याची साखर होते. तिथे ब्रिक्स पाहण्यात अर्थ नाही, गर पाहायचा. मधल्या फणीतले केळे हातात घ्या. धारा टोकदार असतील तर थांबा. धारा बोथट होऊन पाऊण गर भरला की लांबच्या बाजाराला काढावी. सावदा-रावेरहून उत्तरेकडे जाणारा माल असाच काढतात. जवळच्या बाजाराला आणखी भरू द्यावी. पण ऊस उभा राहतो तशी केळी उभी राहील असे समजू नका. घड झाडावरच पिवळा पडला की केळी फाटते, दांड्यापासून सुटते, आणि मग मिळेल त्या भावाला द्यावी लागते.

निसवणीपासून दिवस मोजण्याची पद्धत उन्हाळ्यात बरी, हिवाळ्यात फसते. पारा 10 अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, नवा घड गळ्यातच अडकतो, निसवलेला भरायला जास्त दिवस घेतो. काढलेले घडसुद्धा थंडीत रात्रभर उघड्यावर ठेवू नयेत, साल काळवंडते. पाण्याचीही सवय बदलावी लागेल. ऊस तोडणीआधी आपण पाणी तोडतो. केळीचे तसे तोडले तर गर भरत नाही.

पपई टोकाला एक-दोन पिवळे पट्टे दिसले की काढावी. चीक पाण्यासारखा पातळ झाला, हीही खूण आहे. लिंबाची साल गुळगुळीत होऊन हिरवा रंग फिका पडू लागला की काढावे.

पिकवणीसाठी कार्बाइड वापरू नये, त्याला कायद्याने बंदी आहे. इथिलीनच्या पिकवण केंद्रात माल द्यावा.

रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक गट ऑफिसात आहे. दिवसा तो स्लिपबॉयबरोबर उसाच्या फडात असतो, तेव्हा द्राक्षवाल्यांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा.