शंभर मीटर : खरी वेळ किती?

भौतिकशास्त्राच्या एका व्याख्यात्याने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शंभर मीटर पळण्याचा नाद लावून घ्यावा, हे तुम्हाला कदाचित हास्यास्पद वाटेल. आमच्या घरीही तसेच वाटते. पण नाद लागला खरा. शंभर मीटर अंतर १४ सेकंदांच्या आत पार करायचे असा मी पण केला आणि रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर जाऊ लागलो. २०२४ च्या डिसेंबरात एके दिवशी स्टॉपवॉचने १३.८ सेकंद दाखवले. त्याच दुपारी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

दोन दिवसांनी अकरावीच्या वर्गात ध्वनीचा वेग शिकवत होतो. तास संपल्यावर, त्या सकाळी माझी वेळ घेणारा विद्यार्थी टेबलापाशी आला आणि चाचरत म्हणाला, "सर, मी तर आवाज ऐकून घड्याळ सुरू केलं होतं."

त्याचे म्हणणे तुमच्या लक्षात आले का? सुरुवातीच्या रेषेजवळ एक मुलगा दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून मला इशारा देत होता. वेळ घेणारा उभा होता शेवटच्या रेषेवर, म्हणजे शंभर मीटर लांब. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरा. १०० भागिले ३४५, म्हणजे ०.२९ सेकंद. फळ्यांचा आवाज त्याच्या कानी पोचेपर्यंत मी एक पाऊल टाकूनही झालो होतो! घड्याळ तेवढे उशिरा सुरू झाले आणि माझे १४.१ चे १३.८ झाले. शर्यतीत हातघड्याळाने वेळ घेणारे पंच पिस्तुलाच्या आवाजाकडे लक्ष न देता त्यातून निघणाऱ्या धुराकडे किंवा ज्वाळेकडे पाहून घड्याळ सुरू करतात, ते याचमुळे. प्रकाशाला शंभर मीटर यायला सेकंदाचा तीस लाखावा हिस्साही पुष्कळ वाटतो.

हा प्रयोग तुमच्या शाळेत जरूर करा. दोघांना शेवटच्या रेषेवर उभे करा. एकाने फळ्या पाहून घड्याळ सुरू करावे, दुसऱ्याने डोळे मिटून, आवाज ऐकून. फरक ०.२९ पेक्षा थोडा कमी येईल, कारण आवाजाला आपण दृश्यापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो. दहा वेळा करून सरासरी काढा.

पण माझे दुर्दैव एवढ्यावर संपले नाही. फळ्या डोळ्यांनी पाहिल्या तरी बोट दाबले जाईपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातातच. शेवटच्या रेषेवर मात्र तसे होत नाही. धावणारा येताना आधीपासून दिसत असतो, त्यामुळे बोट बरोबर वेळेवर पडते. म्हणजे चूक सुरुवातीला होते, शेवटी होत नाही, आणि हाताने घेतलेली वेळ नेहमीच कमी भरते. म्हणूनच १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेशी ताडून पाहायची असेल, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. मी मुकाट्याने मिळवले : सुमारे १४.३. पेढे परत मागता येत नाहीत, पण स्टाफरूममध्ये खरे काय ते सांगावे लागले.

मग मी घड्याळ सोडून मोबाइलचा आधार घेतला. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल कॉलेजच्या गच्चीवर ठेवला, मैदानावर दर वीस मीटरला काठ्या रोवल्या आणि चित्रे मोजली. फळ्या एकमेकींना भिडल्या त्या चित्रापासून मोजणी सुरू. वीस-वीस मीटरच्या पाच टप्प्यांना लागलेले सेकंद असे : ३.७, २.६, २.५, २.६ आणि २.९. बेरीज १४.३! हिशेब जुळल्याचा आनंद काही वेगळाच असतो, मग तो आपल्या विरुद्ध का असेना.

आता हे आकडे नीट पाहा. सरासरी चाल सेकंदाला ७ मीटर, पण मधल्या टप्प्यात ती ८ मीटर होती आणि शेवटी ६.९ वर घसरली. मला वाटत होते की मी शेवटी जोर लावतो! उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत घेतला आणि शेवटचा १.६६ सेकंदांत. म्हणजे वेग त्याचाही कमी झाला. शर्यतीच्या अखेरीस इतरांना मागे टाकणारा धावपटू बहुधा वेग वाढवत नसतो. त्याचा वेग इतरांपेक्षा कमी घसरत असतो.

चाल म्हणजे पावलाची लांबी गुणिले दर सेकंदाची पावले. चित्रांत माझी पावले भरली ५५, बोल्टची होती सुमारे ४१. भागाकार करा. मी सेकंदाला ३.८ पावले टाकतो, तो ४.३. फरक फार नाही. पण माझे पाऊल सरासरी १.८२ मीटरचे आणि त्याचे २.४४ मीटरचे! तो उंच आहे हे खरे, पण एवढ्यानेच हा फरक भरून निघत नाही.

मर्म आहे ते जमिनीवर दिलेल्या दाबात. धावताना आपण पावलागणिक हवेत उडतो आणि खाली येतो. समजा, एका पावलाला ०.२५ सेकंद लागतो आणि त्यातला निम्माच वेळ पाय जमिनीवर असतो. गुरुत्वाकर्षण मात्र पूर्ण वेळ खाली ओढत असते. मग त्या निम्म्या वेळात पायाने वजनाच्या सरासरी दुप्पट बल लावले पाहिजे. माझे वस्तुमान ६८ किलोग्रॅम. म्हणजे एका पायावर सुमारे १३३० न्यूटन. अमेरिकेत पीटर वेयंड व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असेच दिसले. पाय हवेतून पुढे आणायला जलद आणि मंद धावणाऱ्यांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो. जलद धावणारा कमी वेळात जमिनीवर जास्त बल लावतो, एवढाच काय तो फरक.

वय नेमके इथे आडवे येते. झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर बारीक होतात, पुरेसे बल उभे करायला पायाला जमिनीवर जास्त वेळ थांबावे लागते आणि पाऊल आखूड होते. ही घसरण टळत नाही, पण तिचा वेग प्रत्येकाचा निराळा. किम कॉलिन्सने २०१६ साली, चाळीस वर्षांचा असताना, ९.९३ सेकंद नोंदवले. आपल्या मान कौर यांनी २०१७ साली ऑकलंडला, वयाच्या १०१ व्या वर्षी, शंभर मीटर अंतर ७४ सेकंदांत पुरे केले.

मी तोवर पाय भराभर हलवण्याचा सराव करत होतो, म्हणजे जिथे तोटा थोडाच होता तिथेच मेहनत. तो सोडला. वजन घेऊन बैठका, जिन्यावर उड्या आणि आठवड्यात दोनच दिवस पूर्ण जोराने पळणे, असा क्रम धरला. (माझ्या वयाच्या शिक्षकबंधूंना एक सांगतो : शरीर तापवल्याशिवाय जोराने पळू नका. मांडीच्या मागचा स्नायू आखडून मी तीन आठवडे लंगडत फळ्यावर लिहिले आहे.)

२०२५ च्या नोव्हेंबरात चित्रांच्या मोजणीने १३.९६ सेकंद आले. पावले ५३.

पण त्या सकाळी पाचोळा माझ्याच दिशेने उडत होता. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ८ मीटर वेगाने पळताना पाठीमागून २ मीटरचा वारा असला तर सापेक्ष वेग ६, आणि विरोध ६४ ला ३६, म्हणजे निम्म्याहून थोडाच जास्त. हाच वारा समोरून आला तर ६४ चे १००. पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम मान्य होत नाही, तो यासाठी. आमच्याकडे वारा मोजण्याचे यंत्र नव्हते. म्हणून अर्धा तास विसावा घेऊन मी उलट दिशेने पळालो. १४.१० सेकंद.

पेढे आणायला मी अजून गेलेलो नाही. वारा पडलेल्या सकाळची वाट पाहतो आहे, आणि वेळ घेणारा तोच विद्यार्थी आता बारावीत गेला असूनही, रोज सहा वाजता गच्चीवर हजर असतो.