वाढदिवसाचा फ्रॉक आणि सुताची उधारी

मुलांचा वाढदिवस करावा की नाही, हा मामला उलेमांचा. आम्ही कापड विकणारे, हिशोबापुरते बोलतो. जाळीच्या फ्रॉकवर आमचेही दुकान चालते, तेव्हा आम्ही काही साळसूद नाही.

गिऱ्हाईक फ्रॉकची किंमत विचारते, कराची विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे २,५०० चा फ्रॉक करासकट २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या जादा झालरीसाठी ४४३ रुपये! केकवरचा कर त्याच दिवशी १८ वरून ५ टक्के झाला. पण केक हा लहान खर्च. हॉल, फुगे, फोटोवाला आणि आलेल्या प्रत्येक मुलाला भेट, ही खरी यादी.

नोकरदार हे पगारातून भागवतो. मालेगाव-भिवंडीच्या छोट्या लूमवाल्याला पगार कुठला? त्याच्या हातातली रोकड म्हणजे विकलेल्या ग्रे कापडाचे पैसे, आणि त्यातले बरेचसे सूतवाल्याचे. त्यातून दहा हजार दावतीत गेले की पुढचे सूत उधारीवर येते, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच. सूत आले नाही तर लूम थांबतो. कारागिराची मजुरी विणलेल्या कापडावर. त्याचाही तो आठवडा कोरडा जातो.

अशा गिऱ्हाइकाला आम्ही आधी अडीच हजारांच्या आतला, ईदलाही चालेल असा माल दाखवतो. आईला पटते. बापाला पटवावे लागते.