बटाटा लागवड यंत्र : नांग्या, जोडबेणे आणि मोजणी
(लेखांक सहावा)

यंत्राची विश्वासार्हता म्हणजे ते बंद न पडणे, हा सर्वसाधारण समज बटाटा लागवड यंत्राच्या बाबतीत अपुरा ठरतो. कारण हे यंत्र सुरळीत चालत असतानाही चुकू शकते, आणि बेणे सरीत पडताच त्यावर वरंबा चढत असल्याने ती चूक उगवण झाल्यावरच दिसते. तेव्हा नांग्या, म्हणजे ओळीत रिकाम्या राहिलेल्या जागा, भरल्या, तरी मागाहून लावलेले झाड शेजारच्या वाढलेल्या झाडांच्या सावलीत दबून जाते.

स्वयंचलित यंत्रांत कप-पट्ट्याची रचना विशेष प्रचलित आहे. बेण्याच्या पेटीतून, म्हणजे हॉपरमधून, वर चढणाऱ्या पट्ट्यावरील प्रत्येक कपाने एकेक बटाटा उचलावा, माथ्यावर वळताना तो बटाटा पुढे गेलेल्या कपाच्या पाठीवर टेकावा आणि नळीतून त्याच आधाराने उतरून फाळाने उघडलेल्या सरीत पडावा, अशी ही योजना असते. ओळीतील अंतर 20 सेंमी आणि ट्रॅक्टरचा वेग ताशी 4 किमी धरला, तर एका ओळीत सेकंदाला साडेपाचांहून अधिक बटाटे पडावे लागतात. एवढ्या घाईत एखादा कप रिकामा गेला की नांगी पडते, आणि कपाने दोन बटाटे उचलले की एकाच जागी जोडबेणे पडते. जादा बटाटा झटकण्यासाठी पट्ट्याला कंपन देण्याची सोय असते. परंतु कंपन वाढवले की एकटा बसलेला बटाटाही पेटीत परत पडतो, म्हणजे एक दोष कमी करताना दुसरा वाढतो. लहानमोठे बेणे मिसळलेले असेल तर या ओढाताणीवर कोणतीही जुळणी पुरी पडत नाही. म्हणून 35 ते 45 आणि 45 ते 55 मिमी अशी प्रतवारी करून, त्या त्या आकाराला साजेसा कप लावणे हा खरा उपाय होय. मात्र प्रतवारीच्या मजुरीत काटकसर करून यंत्राला बोल लावण्याची प्रथा बरीच रुळलेली आहे.

कापलेल्या बेण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या सपाट, ओलसर बाजू कपाला व एकमेकींना चिकटतात, त्यामुळे मजुरांनी मागे बसून फिरत्या कपांत हाताने फोडी टाकण्याचे अर्धस्वयंचलित यंत्र तेथे अधिक भरवशाचे ठरते, अर्थात कमी वेगाने आणि हात थकेपर्यंतच.

पट्ट्याला गती जमिनीवरच्या चाकाकडून मिळते, हेही लक्षात घ्यावे लागते. हे चाक दहा टक्के घसरले तर 20 सेंमीचे अंतर 22 सेंमीच्या पुढे जाते. आणि पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारासारख्या खरीप बटाट्याच्या भागात ओली माती चाकाला चिकटून त्याचा व्यास वाढला, तरी परिणाम तोच होतो. याउलट झिजून लांबलेली साखळी दातेरी चाकावरून उडी मारते, तेव्हा अंतर सर्वत्र सारखे न वाढता एखाद्याच ठिकाणी मोठी तूट पडते. पहिला दोष दात्यांची जुळणी बदलून सावरता येतो, दुसऱ्याला साखळीच बदलावी लागते.

तपासणीची रूढ रीत म्हणजे 10 मीटर वरंबा उकरून बटाटे मोजणे. 50 भरले की शेतकरी निश्चिंत होतो, पण एक नांगी आणि एक जोडबेणे मिळूनही हिशेब 50 चाच येतो. म्हणून संख्येऐवजी लगतच्या दोन बटाट्यांतील प्रत्येक अंतर मोजावे. पेरणी यंत्रांच्या चाचणीत नेमलेल्या अंतराच्या दीडपटीहून अधिक फट ही नांगी, आणि निम्म्याइतके किंवा त्याहून कमी अंतर हे जोडबेणे मानले जाते. येथे त्या मर्यादा 30 आणि 10 सेंमी येतात.

कप रिकामा गेल्याचे तत्क्षणी कळवणारे संवेदक, म्हणजे बटाट्याची उपस्थिती ओळखणारी साधने, हीच मोजणी चालत्या यंत्रावर करू पाहतात. प्रकाशकिरणावर चालणाऱ्या संवेदकाची काच शेतातल्या धुळीने माखते, आणि एकमेकांना चिकटून पडलेले दोन बटाटे त्याला एकच भासू शकतात; त्यामुळे नांगीची सूचना तो जितक्या खात्रीने देतो, तितक्या खात्रीने जोडबेण्याची देत नाही, आणि संवेदक बसवल्यानंतरही वरंबा अधूनमधून उकरावाच लागतो.